मांजराच्या घरात दत्तक कुत्रा आणताना: पहिल्या दिवसापासून मोकळं सोडेपर्यंत

"भांडू देत एकदा, मग आपोआप जमेल," असं म्हणून नव्या कुत्र्याला आणि घरातल्या मांजराला एका खोलीत सोडलं जातं आणि तिथेच सगळं बिघडतं. मांजर माळ्यावर चढून बसतं, नाहीतर परसदारानं निघून जातं. कुत्र्याला पहिल्याच दिवशी कळतं, की हे प्राणी पळतात आणि त्यांच्यामागे धावायला मजा येते. ही गोडी एकदा लागली की ती मोडायला महिने जातात. दत्तक दिलेला कुत्रा आठवडाभरात परत आणला जातो, तेव्हा चौकशी केली तर अनेकदा हेच निघतं.

क्रम एकच आहे. आधी वास, मग आवाज, मग नजर आणि सगळ्यात शेवटी जवळीक. वेग मांजरानं ठरवायचा, कारण घर त्याचं आहे. काही घरांत हे सगळं तीन आठवड्यांत होतं, काही घरांत तीन महिने लागतात. तारीख ठरवून बसू नका. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी तपासणी दिली आहे, ती जमली तरच पुढे जा.

१. कुत्रा निवडताना

कुत्रा सध्या ज्यांच्याकडे आहे त्यांना "याला मांजर चालतं का?" असं विचारलं तर "हो, चालतं की" हेच उत्तर येणार. त्याऐवजी विचारा: कोंबडी दिसली तर काय करतो? खार पळाली तर? तेव्हा हाक मारली तर मागे वळतो का? शक्य असेल तर पट्ट्यावर फिरवताना स्वतः बघा. कोंबडी दिसल्यावर कान टवकारून दोन क्षण बघितलं आणि हाकेला वळला, तर काम होण्यासारखं आहे. पट्टा ताणून थरथरतोय, नाकाशी चिकनचा तुकडा धरला तरी त्याला त्याचं भान नाही, तर मांजर असलेल्या घरात तो कुत्रा नेऊ नका. दुसऱ्या घरात तो सुखानं राहील.

जत, आटपाडी, कवठेमहांकाळ भागात कारवानी किंवा कारवानी मिश्रणाची कुत्री सहज मिळतात. ही नजरेनं शिकार हेरणारी, सशामागे धावण्यासाठी वाढवलेली जात. घरात इतकी शांत आणि मायाळू असतात की माणूस गाफील राहतो. मांजराबरोबर ती राहू शकतात, पण पळणारं मांजर दिसलं की विचाराच्या आधी त्यांचे पाय उचलले जातात. असा कुत्रा असेल तर खालच्या प्रत्येक टप्प्याला दुप्पट वेळ धरा, आणि शेवटचा टप्पा कदाचित कधीच येणार नाही हे मान्य करूनच घरी आणा.

वयाचं म्हणाल तर दोन-तीन महिन्यांचं पिल्लू सगळ्यात सोपं आणि आठ महिने ते दीड वर्षाचा दांडगट सगळ्यात अवघड. चार-पाच वर्षांचा, निवांत स्वभावाचा कुत्रा लोक नको म्हणतात, पण मांजराच्या घरासाठी मी तोच आधी सुचवेन.

२. डॉक्टर आधी, घर नंतर

कुत्र्याला घरी आणायच्या आधी किंवा आणताना वाटेतच जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. रेबीजची लस पिल्लाला तीन महिन्यांचं झाल्यावर देतात, पुढचे डोस डॉक्टर सांगतील तसे. जंताचं औषध, पिसवा, गोचीड, अंगावर गजकर्णाचे चट्टे आहेत का, हे सगळं तेव्हाच बघून घ्या. पिसवा आणि गजकर्ण कुत्र्याकडून मांजराकडे जातात, गजकर्ण माणसालाही होतं. वाई-खंडाळ्याकडच्यांना शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ पडतं. बाकीच्यांनी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जावं.

मांजराची लस राहून गेलेली असते, हे मी घरोघरी पाहते. "ते घरातच तर असतं" म्हणून. त्यालाही रेबीजची आणि मांजरांची तिहेरी लस हवी. आता घरात बाहेरून येणारा एक जीव वाढतोय, तेव्हा हे काम लगेच उरका.

सावधान: गोचिडांसाठी कुत्र्याच्या मानेवर सोडायच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं. मांजरासाठी ते विष आहे. मांजर थरथरायला लागतं, झटके येतात, जीव जाऊ शकतो. अमिट्राझ असलेलं औषधही मांजराजवळ नको. डॉक्टरांना "घरात मांजर आहे" हे तुम्ही आपणहून सांगा, आणि कुत्र्याचं औषध थोडं कमी करून मांजराला लावायचा विचारही करू नका.

३. घराची मांडणी, निदान आठवडाभर आधी

कुत्रा यायच्या आधी मांजराला नव्या व्यवस्थेची सवय झाली पाहिजे. कुत्रा आणि बदललेलं घर हे दोन्ही एकाच दिवशी आलं तर मांजर दोन्हींचा राग कुत्र्यावर काढतं.

मांजराला एक खोली अशी द्या जिथे कुत्रा कधीच जाणार नाही. तिथे खाणं, पाणी, झोपायची जागा आणि शी-शूचा ट्रे. ट्रे खाण्यापासून लांबच्या कोपऱ्यात. आपल्याकडची बरीच मांजरं बाहेरच जाऊन येतात, त्यांना ट्रे माहीत नसतो. त्यांच्यासाठी ट्रेमध्ये सुरुवातीला ती जिथे उकरतात तिथलीच माती घाला, मग हळूहळू वाळू किंवा लाकडाचा भुसा मिसळा. हे शिकवायला कुत्रा यायच्या आधी दोन आठवडे हातात ठेवा, कारण पहिले काही दिवस मांजराला बाहेर सोडायचं नाही. घाबरलेलं मांजर बाहेर गेलं तर परत येईलच असं नाही.

मग उंची बघा. मांजराला जमिनीला पाय न लावता घराच्या एका टोकाकडून दुसरीकडे जाता आलं पाहिजे. साताऱ्याच्या पेठांमधल्या जुन्या घरांत हे फुकट मिळतं: माळा, कोनाडे, फडताळ, जिन्याचा कठडा. सांगलीच्या विश्रामबागेतल्या फ्लॅटमध्ये ते करावं लागतं. कपाटाचा माथा रिकामा करा, शेजारी स्टूल किंवा टेबल ठेवा, खिडकीच्या कट्ट्यावरच्या कुंड्या हलवा, सुताराकडून दोन फळ्या ठोकून घ्या. फळीवर गोणपाट लावलं तर नखांना पकड मिळते. शेतातल्या वस्तीवरचं घर असेल तर पुढचं दार कुत्र्याचं आणि मागचं मांजराचं अशी वाटणी करा. एकच दार असेल तर कुत्रा त्याच दारात पसरतो आणि मांजराची कोंडी होते.

आता कुत्र्याची जागा. एक कोपरा, चटई किंवा जुनी गोधडी, पाणी. त्याच्यासाठी छातीवरून जाणारा हार्नेस आणि पाच-सहा फुटांचा कापडी पट्टा घ्या. दिवसभर साखळीनं बांधून ठेवू नका. बांधलेल्या कुत्र्यासमोरून मांजर दिवसातून वीस वेळा जातं, दर वेळी त्याला गळ्याशी हिसका बसतो, आणि आठवडाभरात मांजर म्हणजे त्रास असं त्याच्या डोक्यात पक्कं होतं.

मांजराच्या खोलीला कडी असलेलं दार आणि शक्य असेल तर लोखंडी जाळीचं दार हवं. डासांची नायलॉनची जाळी एका पंजात फाटते. लहान मुलांसाठीचं बेबी गेट चालतं, पण कुत्रा ते उडी मारून ओलांडणार नाही याची आधी खात्री करा.

तपासणी: मांजर ट्रे वापरतंय? नव्या जागेवर झोपतंय? उंचावरच्या वाटेनं निदान एकदा तरी गेलंय? तिन्ही "हो" असतील तर कुत्र्याचा दिवस ठरवा. गणपती आणि दिवाळीचे दिवस टाळा. डॉल्बी आणि फटाक्यांत घरचीच जनावरं बिथरतात, नव्याची काय कथा.

४. आणायचा दिवस

मांजर आधीच आपल्या खोलीत, कडी लावलेली. कुत्र्याला बाहेर चांगला अर्धा तास फिरवा, शी-शू उरकू द्या, मग पट्ट्यावरच घरात आणा आणि थेट त्याच्या कोपऱ्यात न्या. मांजराच्या दाराशी हुंगायला लागला तर हाक मारून वळवा, ओढू नका.

शेजारीपाजारी, मावशी, आत्या, सोसायटीतली पोरं, सगळे बघायला येतात. त्यांना पुढच्या आठवड्यात बोलवा. पहिले तीन दिवस कुत्रा घाबरलेला असतो आणि त्याचा खरा स्वभाव दिसत नाही. "आला तेव्हा किती गरीब होता, आता काय झालं याला?" हा प्रश्न साधारण दोन-तीन आठवड्यांनी येतो. झालेलं काही नसतं, तो आता मोकळा झालेला असतो. म्हणून पहिल्या दोन दिवसांतली शांतता बघून घाईनं भेट घडवू नका. या वेगळं ठेवण्याचा आणखी एक उपयोग आहे: कुत्र्याच्या अंगात एखादा आजार लपलेला असेल तर तो या दिवसांत उघड होऊ शकतो आणि मांजर त्यापासून लांब राहतं.

५. वासाची ओळख: पहिला आठवडा

जुन्या टॉवेलचे दोन तुकडे घ्या. एक मांजराच्या गालाला आणि मानेला चोळा, दुसरा कुत्र्याच्या अंगाला. मग अदलाबदल करा: मांजराचा तुकडा कुत्र्याच्या चटईजवळ, कुत्र्याचा मांजराच्या खाण्याच्या ताटलीपासून चार हातांवर. मांजर फिस्कारलं तर तुकडा लांब सरकवा, काढून टाकू नका. रोज थोडा जवळ आणा.

दुसरं, बंद दाराच्या दोन बाजूंना एकाच वेळी जेवण. सुरुवातीला दारापासून लांब, मग जवळ. पलीकडून चपचप आवाज येतो आणि इकडे आपल्यापुढे जेवण येतं, एवढंच त्यांना कळायला हवं.

तिसरं, जागेची अदलाबदल. कुत्रा फिरायला गेला की मांजराला घरभर हिंडू द्या. मांजर दुसऱ्या खोलीत असताना कुत्र्याला पट्ट्यावर मांजराची खोली हुंगून येऊ द्या, पण आधी ट्रे आणि मांजराचं खाणं उचला. मांजराची शी खायला कुत्र्याला फार आवडते.

याच आठवड्यात कुत्र्याला दोन शब्द शिकवा: नाव घेतलं की तुमच्याकडे बघणं, आणि "सोड" म्हटलं की समोरच्या गोष्टीवरून तोंड वळवणं. बक्षीस म्हणून उकडलेल्या चिकनचे किंवा अंड्याचे चण्याएवढे तुकडे. सांगली-तासगावकडच्या घरांत बेदाणे कायम हाताशी असतात आणि "एखाद्यानं काय होतंय" म्हणून दिले जातात. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडावर घात करतात. एकही देऊ नका, आणि घरात निवडायला पसरलेले असतील तर कुत्र्याला तिथे जाऊ देऊ नका.

तपासणी: दाराजवळ दोघंही शांतपणे जेवतायत? टॉवेलच्या तुकड्याकडे मांजर दुर्लक्ष करतंय? "सोड" दहातून आठ वेळा जमतंय? तर पुढे.

६. नजरेची ओळख: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

जाळीच्या दारावर जुनी साडी पडद्यासारखी टाका. कुत्रा फिरून आलेला, थोडा पोट भरलेला, पट्ट्यावर, दारापासून दहा-बारा फूट लांब. एक माणूस त्याच्याजवळ, दुसरा मांजराच्या खोलीत. मांजर उंचावर असेल तर उत्तम. पडदा बाजूला करा. कुत्र्यानं मांजराकडे बघितलं की लगेच "शाब्बास" आणि तुकडा. बघितलं, तुकडा. पाच-सहा वेळा झालं की पडदा टाका, खेळ संपला. दोन-तीन मिनिटं पुरेत, दिवसातून दोन-तीनदा. काही दिवसांनी कुत्रा मांजराला बघून आपणहून तुमच्या हाताकडे वळतो. हवं आहे ते हेच.

आता कुत्रा वाचायला शिका, कारण चूक इथेच होते. लोक भुंकण्याला घाबरतात आणि गप्प कुत्र्याला चांगला समजतात. मिरजेतल्या एका घरी काका कौतुकानं म्हणाले, "बघा, किती शहाणाय, भुंकत पण नाही." कुत्रा जाळीपासून चार हातांवर उभा होता. मघापर्यंत बाहेर असलेली जीभ आत, तोंड घट्ट मिटलेलं. कान पुढे. शेपटी पाठीच्या रेषेत ताठ, जराही न हलणारी. पुढचा एक पाय जमिनीपासून बोटभर उचललेला. त्याचं नाव घेतलं, कानसुद्धा हलला नाही. ही झेप घ्यायची तयारी असते. त्यापेक्षा भुंकणारा, कुंईकुंई करणारा, पुढचे पाय पसरून ढुंगण वर करणारा आणि मध्येच तुमच्याकडे वळून बघणारा कुत्रा परवडला. त्याच्यात खेळ आहे, उतावळेपणा आहे, आणि तुमचं ऐकायला जागा आहे.

असं रोखून बघणं दिसलं तर ओरडू नका आणि पट्ट्याला हिसका देऊ नका. हिसक्याचं दुखणं तो मांजराच्या नावावर जमा करतो. पडदा टाका, किंवा मध्ये उभे राहा आणि नाव ऐकू येईपर्यंत त्याला लांब न्या. पुढच्या वेळी दुप्पट अंतरावरून सुरू करा.

मांजराचंही बघा. शेपटीचं टोक फटफट आपटतंय, कान मागे चपटे, अंग दबलेलं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्यात, तर आजच्यापुरतं पुरे. नुसतं फिस्कारलं तर घाबरू नका आणि मांजराला रागावू तर मुळीच नका. ते "लांब राहा" एवढंच सांगतंय. फिस्कारल्यावर कुत्रा मागे सरला किंवा त्यानं तोंड फिरवलं तर ती फार चांगली खूण आहे. मांजर कुत्र्यासमोर अंग चाटायला लागलं, डोळे अर्धे मिटून बसलं किंवा त्याच्याकडे पाठ करून झोपलं, तर समजा त्याच्या बाजूनं काम झालं.

तपासणी: सलग चार-पाच दिवस, जाळीपासून तीन-चार फुटांवर, कुत्रा हाकेला वळतोय आणि मांजर दिलेलं खातंय. दोन्ही हवं. एक चुकलं तरी याच टप्प्यावर राहा.

७. एका खोलीत, पट्ट्यावर

दारं आता उघडी, कुत्रा पट्ट्यावर, तुमच्या पायाशी बसलेला. मांजर स्वतःच्या पायांनी येईल किंवा येणार नाही. त्याला उचलून आणू नका.

सावधान: मांजराला कडेवर घेऊन "बघ मने, तुझा दादा आलाय" म्हणत कुत्र्याच्या तोंडाशी नेणं ही मी पाहिलेली सगळ्यात धोक्याची चूक आहे. हातात धरलेल्या मांजराला पळायला वाट नसते, मग ते तुमचा गळा आणि तोंड बोचकारतं. कुत्रा उडी मारतो, मध्ये तुम्ही.

सुरुवातीला दहा मिनिटं, मग वाढवत न्या. रात्री टीव्हीसमोर सगळे बसलेले असताना ही बैठक चांगली जमते, कारण कोणाचंच लक्ष त्यांच्यावर एकवटलेलं नसतं. कुत्र्याला चघळायला काहीतरी द्या. मांजर खोलीतून धावत गेलं आणि कुत्रा उठला पण "सोड" म्हटल्यावर थांबला, तर त्याला भरपूर बक्षीस द्या. झेपावला, तर मागच्या टप्प्यावर परत.

झटापट झालीच तर मध्ये हात घालू नका. गोधडी टाका, मध्ये पाट किंवा खुर्ची सरकवा, परात आपटा. नंतर दोघांना तपासा. कुत्र्याच्या दातानं मांजराला झालेली जखम वरून टाचणीएवढी दिसते आणि आत पू होतो, म्हणून त्याच दिवशी डॉक्टर. कुत्रा एक डोळा मिटून घेत असेल तर नख डोळ्याला लागलेलं असू शकतं, तेही त्याच दिवशी. आणि माणसाला कोणाचंही नख किंवा दात लागून ओरखडा उठला, मग रक्त येवो न येवो, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा आणि लगेच सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लशीबद्दल विचारा. हळद, चुना, मिरची काहीही भरू नका.

८. पट्टा जमिनीवर, मग मोकळं

पट्टा अंगावर असू द्या पण हातातून सोडा, जमिनीवर घासत राहू दे. गरज पडली तर त्यावर पाय ठेवता येतो. निदान दोन आठवडे असं, आणि या काळात घरात कोणीतरी जागं आणि लक्ष ठेवून असलं पाहिजे. मोबाईल बघत बसलेला माणूस धरू नका.

खाणं कायम वेगळं. मांजराचं उंचावर, कुत्र्याचं खाली. मांजराच्या खाण्यावर कुत्र्याचं पोट बिघडतं आणि कुत्र्याच्या खाण्यावर मांजराचं भागत नाही. मांजराला टॉरिन नावाचं पोषकद्रव्य लागतं, ते त्याला मांस-मासळीतून किंवा मांजराच्या तयार खाण्यातूनच मिळतं. सगळ्यांना एकच दूध-भात कालवायची सवय असेल तर ती आता मोडा.

एक गोष्ट रोज बघा, कारण ती गडबडीत सुटते: मांजर जेवलं का आणि ट्रेला गेलं का. मांजरानं पूर्ण एक दिवस काही खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा, उपाशी मांजराच्या यकृतावर लवकर परिणाम होतो. बोका ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतोय, ओरडतोय आणि लघवीचा थेंबही येत नाही, तर सकाळची वाट बघू नका. ताणामुळे लघवी तुंबते आणि त्यात बोके दगावतात.

९. दोघांनाच घरी ठेवायचं का?

सलग महिनाभर एकही झेप नाही, मांजर कुत्र्याच्या शेजारून चालत जातं, कुत्रा मान वर करून बघतो आणि परत झोपतो, असं झाल्यावरच. सुरुवात दुकानात जाऊन येण्याएवढ्या वेळेपासून करा. तोपर्यंत बाहेर जाताना दोघं दोन खोल्यांत, मधलं दार बंद. रात्रीही तसंच. कारवानीसारख्या कुत्र्याच्या बाबतीत आणि मांजराचं पिल्लू असलेल्या घरात हे वेगळं ठेवणं कायमचं चालू ठेवा, त्यात कमीपणा काही नाही.

पावसाळ्यात साताऱ्याकडे चार-चार दिवस फिरणं होत नाही, कुत्र्याची रग घरात निघते. दिवाळीत फटाक्यांना घाबरलेला कुत्रा समोर येईल त्याच्यावर राग काढू शकतो. या दिवसांत सगळं जमलेलं असलं तरी पुन्हा सातव्या टप्प्यावर या, आठवडाभरात गाडी रुळावर येते.

आणि तीन-चार महिने सगळं नीट करूनही कुत्र्याची नजर सुटत नसेल, मांजर खोलीबाहेरच येत नसेल, तर ज्यांच्याकडून कुत्रा आणला त्यांच्याशी बोला. रस्त्यावर किंवा लांबच्या वस्तीवर नेऊन सोडू नका. परत देताना एका कागदावर लिहून द्या: किती फुटांवर मांजर चालत होतं, हाकेला वळत होता का, कोंबडी-शेळीला काय करतो, माणसांशी आणि मुलांशी कसा आहे, कोणत्या लशी झाल्या. त्या कागदावरून त्याला बिनमांजराचं योग्य घर शोधता येतं.